न जुळणारे रक्त

१९७५ साली मी बारा वर्षांचा होतो आणि वर्तमानपत्रातले क्रिकेटचे पान वडिलांच्या आधी वाचून काढण्याची मला सवय होती. त्या ऑगस्टमध्ये इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटीची एक बातमी आली, ती मला वाचूनही नीट उमगली नाही. हेडिंग्लेच्या मैदानावर शेवटच्या दिवसाचा खेळ सुरू होण्याआधीच सामना सोडून द्यावा लागला होता, कारण रात्री कोणीतरी खेळपट्टीवर खड्डे खणून त्यांत तेल ओतले होते. ऑस्ट्रेलियापुढे ४४५ धावांचे लक्ष्य होते, ३ बाद २२० धावा झाल्या होत्या आणि रिक मॅकॉस्कर ९५ धावांवर नाबाद होता. मला वाईट वाटले ते मॅकॉस्करच्या हुकलेल्या शतकाचे. ते खड्डे कोणी आणि कशासाठी खणले, याचा मी विचारही केला नाही. पुढे वकिलीत पडल्यावर, ओळखीच्या पुराव्यासंबंधी, म्हणजे ‘हाच तो गुन्हेगार’ असे साक्षीदार सांगतो त्या पुराव्यासंबंधी, वाचता वाचता, त्या खड्ड्यांपाशी मी पुन्हा येऊन पोहोचलो.

ते खड्डे खणणाऱ्यांना जॉर्ज डेव्हिस नावाच्या माणसाची सुटका हवी होती. डेव्हिस हा पूर्व लंडनमधला भाड्याची मोटार चालवणारा माणूस. ४ एप्रिल १९७४ रोजी इलफर्ड येथील लंडन इलेक्ट्रिसिटी बोर्डाच्या कार्यालयावर पगाराच्या रकमेसाठी सशस्त्र दरोडा पडला, पोलिसांनी पाठलाग केला आणि त्या धावपळीत एका पोलिसाला गोळी लागली. मार्च १९७५ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाने डेव्हिसला दोषी ठरवून २० वर्षांची शिक्षा दिली. त्याच्याबरोबर खटल्याला उभे राहिलेल्यांपैकी दरोड्याबद्दल दोषी ठरला तो एकटाच. त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे त्याला ओळखणारे साक्षीदार, आणि त्यांत प्रामुख्याने पोलीस होते. घटनेच्या वेळी आपण मोटार चालवत होतो, असे त्याचे म्हणणे होते. दरोडेखोरांचे म्हणून जे रक्त गोळा करण्यात आले होते, ते डेव्हिसच्या रक्ताशी जुळले नव्हते.

या शेवटच्या वाक्यापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. १९७४ साली डीएनए चाचणी अस्तित्वात नव्हती. ती ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये शोधून काढली. तेव्हा तपासले जात होते ते रक्तगट. रक्तगटाची मर्यादा आम्हा फौजदारी वकिलांना तोंडपाठ असते. आरोपीचा गट ‘बी’ आणि चाकूवरचे रक्तही ‘बी’, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण ‘बी’ गटाची माणसे गावोगाव असतात. गट जुळला नाही, तर मात्र ते रक्त या माणसाचे नाही एवढे निर्विवाद ठरते. म्हणजे त्या काळातल्या प्रयोगशाळेला ‘हो’ ठामपणे म्हणता येत नव्हते, पण ‘नाही’ ठामपणे म्हणता येत होते. न्यायालयांची रीत मात्र नेमकी उलटी राहिली. जुळलेला गट सरकार पक्षाच्या बाजूने मोजला जाई आणि न जुळलेला गट ‘आरोपीच्या साथीदाराचा असू शकेल’ एवढ्या एका वाक्यावर बाजूला पडे. दरोड्यात माणसे अनेक असतात, त्यामुळे ते वाक्य नेहमीच हाताशी असते.

डेव्हिसच्या बाबतीत लोक गप्प बसले नाहीत. त्याची पत्नी, मित्र आणि शेजारी यांनी पूर्व लंडनमधल्या भिंती आणि रेल्वेचे पूल ‘जॉर्ज डेव्हिस निर्दोष आहे’ अशा घोषणांनी रंगवून टाकले. १९ ऑगस्टच्या पहाटे उघडकीला आलेले हेडिंग्लेचे खड्डे हा त्याच मोहिमेचा भाग होता आणि त्यापायी त्याच्या एका मित्राने १८ महिन्यांचा तुरुंगवास भोगला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेव्हिसचे अपील फेटाळले गेले, शिक्षा तेवढी १७ वर्षांवर आली. मे १९७६ मध्ये गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनी ओळखीच्या पुराव्याबद्दल शंका व्यक्त करून त्याला मुक्त केले. मात्र तो निर्दोष आहे असे त्यांनी म्हटले नाही.

इथवरची गोष्ट ऐकणाऱ्याला आवडते. पुढची आवडत नाही, पण ती सांगितलीच पाहिजे. सुटल्यानंतर जेमतेम सव्वा वर्षाने, सप्टेंबर १९७७ मध्ये, उत्तर लंडनमधील बँक ऑफ सायप्रसच्या शाखेवर सशस्त्र दरोडा पडत असताना पोलिसांनी डेव्हिसला जागेवरच पकडले. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी त्याच्यासाठी भिंती रंगवल्या, रस्त्यावर उतरून अटक करवून घेतली, त्यांना काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही. सामान्य माणसाने तर प्रकरण तिथेच मिटवले: दरोडेखोरच निघाला की, म्हणजे इलफर्डलाही तोच असणार.

मी कनिष्ठ वकील म्हणून ज्यांच्या हाताखाली होतो, त्या माझ्या ज्येष्ठांचेही हेच मत पडले होते. मी त्यांच्याशी तेव्हा वाद घातला नाही, पण आज घालीन. १९७७ चा दरोडा हा १९७४ च्या दरोड्याचा पुरावा नाही. एखादा माणूस दरोडा घालू शकतो, हे सिद्ध झाल्याने तो अमुक दरोड्यात होता हे सिद्ध होत नाही. ज्याचे रक्त जुळले नाही त्याचे रक्त तीन वर्षांनी जुळू लागत नाही. २४ मे २०११ रोजी लंडनच्या अपील न्यायालयाने इलफर्डच्या दरोड्यातील डेव्हिसची दोषसिद्धी रद्द केली, ती हीच भूमिका घेऊन. तो निर्दोष आहे असे आम्ही ठामपणे सांगू शकत नाही, पण ही दोषसिद्धी सुरक्षित मानता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. शिक्षेनंतर ३६ वर्षांनी, एका कबुलीजबाब दिलेल्या दरोडेखोराच्या बाजूने, न्यायाधीशांनी हे लिहिले. मला हा निकाल निर्दोष माणसाच्या सुटकेपेक्षाही मोठा वाटतो. सज्जनासाठी पुराव्याचे नियम सगळेच पाळतात. ते नियम बदनाम माणसासाठीही तसेच उभे राहतात का, याची परीक्षा अशा वेळी होते.

डेव्हिसच्या आधीही इंग्लंडमध्ये एक असा खटला होऊन गेला होता, आणि त्यात प्रश्न बोटांच्या ठशांचा होता. लास्लो विराग हा हंगेरीहून आलेला निर्वासित. १९६९ मध्ये ब्रिस्टल येथे पार्किंग मीटरमधली नाणी चोरणाऱ्या एकाने पळताना पोलिसांवर गोळ्या झाडल्या. अनेक साक्षीदारांनी, ज्यांत पोलीसही होते, विरागला ओळखले. त्याचा चेहरा आपल्या मेंदूवर कोरला गेला आहे, असे एका पोलिसाने शपथेवर सांगितले. चोराने टाकून दिलेल्या वस्तूंवरचे बोटांचे ठसे विरागचे नव्हते. तरी त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे दुसराच एक माणूस वेगळ्या गुन्ह्यात सापडला, त्याचे ठसे त्या ठशांशी जुळले, आणि १९७४ मध्ये विरागला माफी देऊन सोडण्यात आले. तो पोलीस खोटे बोलला होता असे कोणीही म्हटले नाही. त्याच्या मेंदूवर एक चेहरा खरोखरच कोरलेला होता. तो चेहरा चुकीच्या माणसाचा होता, इतकेच. (बोटांच्या ठशांची पद्धत ज्या कोलकात्यात १८९७ साली पहिल्यांदा सरकारी कार्यालय उघडून रुजवली गेली, तिथल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या मेहनतीला पाऊण शतकानंतरही एका प्रामाणिक पोलिसाच्या स्मरणशक्तीपुढे हार पत्करावी लागली, याची मला हळहळ वाटते.)

विरागच्या आणि अशाच आणखी एका प्रकरणानंतर निवृत्त न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. केवळ प्रत्यक्षदर्शीच्या ओळखीवर, अपवादात्मक परिस्थिती सोडून, कोणालाही दोषी ठरवू नये, अशी शिफारस तिने एप्रिल १९७६ मध्ये केली. न्यायालयांनी तेवढे टोक गाठले नाही. त्याच वर्षी टर्नबुल खटल्यात अपील न्यायालयाने मधला मार्ग काढला: न्यायाधीशाने ज्युरीला बजावून सांगावे की प्रामाणिक आणि ठाम साक्षीदारही चुकू शकतो, आणि मग काही प्रश्न तपासायला लावावेत. साक्षीदाराने आरोपीला किती वेळ पाहिले, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, मध्ये काही आडवे येत होते का, त्याला आधी कधी पाहिले होते का, पाहिल्यापासून ओळखण्यापर्यंत किती काळ गेला, आणि पोलिसांना प्रथम सांगितलेले वर्णन आरोपीशी जुळते का. पुरावा कच्चा असेल आणि त्याला दुसरा आधार नसेल, तर खटला तिथेच थांबवावा. उलटतपासाची तयारी करताना मी आजही हे प्रश्न कागदाच्या डाव्या बाजूला लिहून ठेवतो.

या यादीत मी स्वतःपुरती एक भर घातली आहे: हत्यार कोणते होते आणि ते कोणावर रोखलेले होते. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना एका ग्राहकाची चित्रे दाखवली. काहींच्या चित्रांत त्याच्या हातात धनादेश होता, काहींच्या चित्रांत पिस्तूल. पिस्तूल पाहणाऱ्यांची नजर पिस्तुलावर जास्त वेळा आणि जास्त वेळ खिळली आणि नंतर तो माणूस ओळखण्यात ते अधिक चुकले. ही केवळ चित्रे होती. ज्याच्या गळ्याला खरोखर कोयता लावला आहे, त्याने कोयत्यामागचा चेहरा कितीसा पाहिला असेल? तरीही न्यायालयात आपण उलटेच ऐकतो. इतका भयंकर प्रसंग घडल्यावर साक्षीदार तो चेहरा विसरेलच कसा, असा युक्तिवाद सरकारी वकील करतात, आणि तो ऐकायला पटतोही.

आपल्याकडे ओळख परेडचा, म्हणजे संशयिताला इतर माणसांत उभे करून साक्षीदाराला ओळखायला लावतात त्याचा, पुरावा हा मुख्य पुरावा मानला जात नाही. साक्षीदार न्यायालयात उभा राहून ‘आज कोर्टासमोर हजर असलेला आरोपी तोच इसम आहे’ असे सांगतो, तो मुख्य पुरावा. परेड ही त्याला पुष्टी देण्यासाठी. मला ही मांडणी व्यवहारात उलटी वाटते. खटला उभा राहीपर्यंत वर्षे लोटलेली असतात, आरोपीच्या पिंजऱ्यात कोण बसले आहे हे चपराशालाही ठाऊक असते, आणि तिथे बोट दाखवायला स्मरणशक्ती लागत नाही. खरी कसोटी परेडच्या दिवशी लागते. म्हणून परेड कशी घेतली हे पाहणे हे बचाव पक्षाच्या वकिलाचे अर्धे काम आहे. एका संशयितामागे किमान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेले लोक, असावेत, ते वयाने, बांध्याने आणि पेहरावाने साधारण त्याच्यासारखे असावेत, साक्षीदारांनी आरोपीला आधी पाहिलेले नसावे. हे नियम साधेच आहेत.

मी वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका जिल्हा न्यायालयात महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावरच्या दरोड्याच्या खटल्यात एका आरोपीच्या वतीने उभा होतो. चौघांनी रात्री पंपावरची रोकड लुटली होती. दोघे फरार राहिले, एकाविरुद्ध पुरेसा पुरावा नाही म्हणून दोषारोपपत्र आले नाही, आणि माझा अशील एकटा पिंजऱ्यात होता. पंपावरच्या कामगाराने परेडमध्ये त्याला ओळखले होते. परेडच्या पंचाचा मी उलटतपास घेतला. डमी कुठून आणले, या प्रश्नाला त्याने सरळ उत्तर दिले, की तुरुंगासमोरच्या बाजारातून. त्यांच्या पायात काय होते, या प्रश्नाला तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, चपला, एकाच्या पायात बूट. आणि आरोपीच्या? ‘आरोपी अनवाणी होता.’ परेड चाळीस दिवसांनी झाली होती. चाळीस दिवस कोठडीत काढलेल्या, दाढी वाढलेल्या, टाचा फुटलेल्या माणसाला बाजारातून आणलेल्या सहा धडधाकट माणसांमध्ये उभे केले होते, आणि साक्षीदाराला विचारले होते की यांतला गुन्हेगार कोण. हे उत्तर मी टिपून घेतले तेव्हा खटला जिंकलो असे मला वाटले होते.

पंपाच्या केबिनमध्ये एक कानटोपी सापडली होती. ती पंपावरच्या कोणाचीही नव्हती. तिच्यातले केस रासायनिक पृथक्करणासाठी पाठवले गेले होते आणि अहवालात एका ओळीत लिहिले होते की ते केस आरोपीच्या केसांच्या नमुन्याशी जुळत नाहीत. अशा अहवालांत ‘निश्चित निष्कर्ष काढता आला नाही’ हेच वाक्य मी एरवी इतक्या वेळा वाचले आहे, की असे स्पष्ट ‘नाही’ हाती आल्यावर मी ते दोनदा वाचले. निकालपत्रात त्याचा उल्लेख आला तो असा, की आरोपी चार असल्याने टोपी फरार आरोपीची असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अनवाणी पायांचा उल्लेखच नव्हता. घातक हत्यारासह दरोड्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ३९७ खाली किमान सात वर्षांची शिक्षा होती, ती त्याला झाली. अपील चालवण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते. तुरुंगातून पाठवलेले अपीलही फेटाळले गेले.

तो निर्दोष होता का? ते मला माहीत नाही, आणि माझे काम ते ठरवण्याचे नव्हते. त्याच्याविरुद्ध जे मांडले गेले ते पुरेसे नव्हते, हे मात्र मी तेव्हाही म्हणत होतो.

या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त हादरवले ते नाशिकच्या प्रकरणाने. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडेखोर आले, त्यांनी एका कुटुंबातल्या पाच जणांचा जीव घेतला आणि स्त्रियांवर अत्याचार केले. भटक्या जमातीतल्या, मजुरी करून जगणाऱ्या सहा जणांवर खटला चालला. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली होती, तीही वाढवून. मग पुनर्विलोकन झाले, ऑक्टोबर २०१८ मध्ये तो निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली गेली, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश दिला.

त्या निकालात एक बाब आहे. त्या रात्री वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या संग्रहातली गुन्हेगारांची छायाचित्रे पाहून चार जणांना ओळखले होते. ते चार जण या सहा जणांपैकी नव्हते. त्या चौघांविरुद्ध पुढे काहीच झाले नाही. जिच्या डोळ्यांसमोर सर्व काही घडले, तिच्या सर्वांत ताज्या स्मृतीने दिलेले उत्तर कागदावर होते आणि तरीही सहा माणसे सोळा वर्षे तुरुंगात राहिली, त्यांतला बराच काळ फाशीच्या छायेत. तिने नंतर न्यायालयात बोट दाखवले, त्याबद्दल मी तिला दोष देणार नाही. सगळे गमावलेल्या बाईने वर्षांनंतर, समोर बसवलेल्या माणसांकडे बोट दाखवले. पहिले उत्तर जपणे हे तिचे काम नव्हते, तपास करणाऱ्यांचे होते. आणि ज्यांनी तो गुन्हा केला ते आजवर मोकळे आहेत, हे त्या कुटुंबाचे दुसरे नुकसान आहे; याविषयी फार कमी लोक बोलतात.

नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचे चित्रीकरण करावे, अशी तरतूद आली आहे. मी तिचे मनापासून स्वागत करतो. प्रयोगशाळांत मनुष्यबळ आले तर ती कामालाही येईल. पण पुरावा गोळा करण्याची सक्ती करता येते. गोळा केलेल्या पुराव्याने ‘नाही’ म्हटल्यावर ते ऐकण्याची सक्ती कोणत्याही कलमात लिहिता येत नाही. ते न्यायाधीशाच्या टेबलावर, निकालपत्र लिहिताना, व्हावे लागते.

माझा तो अशील शिक्षा भोगून आल्यावर एकदा न्यायालयाच्या आवारात मला भेटला. मी त्याला ओळखले नाही. त्याने मला ओळखले. नक्कल विभागाच्या खिडकीपाशी तो अर्ज हातात घेऊन उभा होता. निकालाची नक्कल पाहिजे का, मी भरून देतो अर्ज, असे मी म्हणालो. तो म्हणाला, ‘निकाल नको, वकीलसाहेब. निकाल वाचून दाखवलाय मला. तो टोपीचा कागद पाहिजे, ज्यात केस जुळत नाही असं लिहिलंय.’ मी त्याच्या अर्जावर खटल्याचा क्रमांक आणि त्या अहवालाचा निशाणी क्रमांक लिहून दिला, आणि तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.